बसून बघा इस्तंबूल

प्रश्न: आम्ही दोघं नवरा-बायको इस्तंबूलला आलो आहोत. मी ६१ वर्षांची, निवृत्त शिक्षिका. जन्मभर इतिहास शिकवला, १४५३ साल फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल त्याला गणती नाही. पोचल्यानंतर दुसऱ्याच रात्री उलट्या-जुलाब सुरू झाले आणि तीन दिवस हॉटेलच्या खोलीत गेले. ताप आला नाही. कालपासून उलटी नाही, आज जुलाबही एकदाच झाला. पण उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, पाय लटपटतात. आज सोमवार. शुक्रवारी रात्री परतीचं विमान. यादीतलं एकही ठिकाण पाहून झालेलं नाही. हे माझ्यासाठी खोलीत बसून राहिलेत, त्याचा मला आजारापेक्षा जास्त त्रास होतो. ओआरएसची चव सहन होत नाही, म्हणून शक्तीसाठी गाडीवरचा डाळिंबाचा ताजा रस पिते. रक्तदाबाची गोळी चालू आहे. हॉटेलातल्या एका बाईंनी जुलाब थांबवणारी गोळी दिली आहे. ती घेऊन उद्या टॉपकापी, आयासोफिया, भूमिगत टाकं आणि ग्रँड बझार एका दमात उरकून टाकू का? पुन्हा इथे येणं होईलसं वाटत नाही.

उत्तर:

ताई,

तुमच्या हातात अजून चार दिवस आहेत, आणि उद्याच सगळं उरकायला गेलात तर उरलेले तीनही घालवून बसाल. म्हणून पत्र वाचल्याबरोबर उत्तर लिहायला घेतलं. एका दमात काहीही करू नका. पण शुक्रवारपर्यंत पडून राहा, असंही मी सांगणार नाही. रोज सकाळी दोनेक तास, एकच जागा, आणि तीही बसून बघायची. जुन्या इस्तंबूलमधलं पाहण्यासारखं बरंचसं एका चौकाभोवती आहे आणि त्या चौकात बाक आहेत. तुमच्यासारख्या इतिहासाच्या बाईंना तिथे बसल्या जागी दोन तास कमी पडतील.

आधी तब्येतीचं बघू. उठल्यावर अंधारी येते, याचा अर्थ शरीरातून गेलेलं पाणी आणि मीठ अजून भरून निघालेलं नाही. डाळिंबाचा रस आजच बंद करा. फळांच्या रसात साखर भरपूर आणि मीठ जवळजवळ नाहीच. एवढी साखर एकदम पोटात गेली की ती उलट पाणी आतड्यात खेचून घेते आणि थांबत आलेले जुलाब रेंगाळतात. शिवाय तो उघड्यावरचा रस. यंत्र कशाने धुतलं, फळ कापणाऱ्याचे हात कसे होते, हे आपल्याला कळत नाही.

चव आवडो न आवडो, ओआरएसला पर्याय नाही. तुम्ही इतिहासाच्या, म्हणून त्याचाही थोडा इतिहास सांगते. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलऱ्याने थैमान घातलं होतं. पश्चिम बंगालमधल्या बनगावला डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडच्या सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा त्यांनी मीठ, बेकिंग सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपं भरून ठेवली आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाणी पाजायला लावलं. तिथला मृत्यूदर ३० टक्क्यांच्या घरातून ४ टक्क्यांच्या आत आला. ते पाणी लागू पडतं कारण आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज एकत्र शोषले जातात आणि त्यांच्यामागून पाणी आत जातं. जुलाब चालू असतानाही हे काम बंद पडत नाही. नुसत्या पाण्याने किंवा नुसत्या साखरेने ते साधत नाही.

चवीवर उपाय आहे. फ्रिजमध्ये गार करा आणि घोट-घोट प्या, दर काही मिनिटांनी दोन घोट. पेला एका झटक्यात संपवायला गेलात तर मळमळणारच. त्यात वरून साखर घालू नका. पाकिटावर किती पाणी लिहिलंय ते मात्र नीट वाचा; काही पाकिटं लिटरभर पाण्याची असतात, काही २०० मिलिलिटरची. लिटरचं पाकीट पेलाभर पाण्यात कालवलं तर ते घातक ठरतं. पाणी सीलबंद बाटलीचंच घ्या. पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा.

पाकिटं संपली असतील तर औषधाचं दुकान शोधणं सोपं आहे. तुर्कस्तानात दारावर लाल रंगात इंग्रजी 'ई' अक्षर दिसलं की ते 'एजझाने', म्हणजे फार्मसी. आत प्रशिक्षित फार्मासिस्ट असतात. फोनवर भाषांतर करून लक्षणं दाखवा. रात्री आणि रविवारी पाळीपाळीने एखादं दुकान उघडं असतं, त्याला 'नोबेतची एजझाने' म्हणतात. बंद दुकानाच्या दारावर जवळच्या उघड्या दुकानाचा पत्ता लावलेला असतो.

आता त्या गोळीबद्दल. जुलाब थांबवणारी गोळी, बहुधा लोपेरामाइड, आतड्याची हालचाल मंद करते. पोटातला जंतू ती मारत नाही आणि गेलेलं पाणीही भरून देत नाही. ताप असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर ती घ्यायचीच नाही. तुम्हाला दोन्ही नाही, पण दिवसाला एका जुलाबावर ती हवीच कशाला? गोळी घेऊन चार ठिकाणं फिरायला निघणं म्हणजे पोट गप्प बसवून पायांवर सूड उगवणं. शिवाय ती पट्टी कुठली, किती मिलिग्रॅमची, त्या बाईंना कशासाठी दिलेली, हे तुम्हाला माहीत नाही. ती परत करा. शुक्रवारच्या विमानासाठी अगदी गरज वाटलीच, तर फार्मासिस्टला किंवा तुमच्या डॉक्टरांना रक्तदाबाच्या गोळीचं नाव सांगून, विचारून घ्या.

त्या रक्तदाबाच्या गोळीसाठी आजच, हे वाचून झाल्यावर लगेच, घरच्या डॉक्टरांना फोन करा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध असतं. अंगातलं पाणी कमी असताना ते रक्तदाब आणखी खाली नेऊ शकतं आणि मूत्रपिंडावरही ताण येतो. डॉक्टर कदाचित दोन दिवस डोस बदलायला सांगतील, कदाचित नाही. स्वतःच्या मनाने बंद करू नका. फोनवर अंधारीचा उल्लेख आवर्जून करा.

पुढच्यापैकी काहीही झालं तर फिरणं तिथेच थांबवून डॉक्टर गाठायचा: शौचात रक्त, १०१ च्या वर ताप, पाण्याचा घोटही न टिकणं, सहा-आठ तास लघवी न होणं किंवा ती गडद होणं, चक्कर येऊन पडणं. तुर्कस्तानात रुग्णवाहिकेचा नंबर ११२. प्रवासविम्याच्या कागदावर मदत केंद्राचा नंबर असतो. तातडी नसेल तर दवाखान्यात जाण्याआधी तिथे फोन करा, कुठे जायचं ते तेच सांगतात आणि पुढे पैशांचा घोळ होत नाही. हे नंबर यजमानांच्या फोनमध्येही हवेत.

यजमानांना उद्या बाहेर धाडा. आजारी माणसाच्या उशाशी चौथ्या दिवशीही नुसतं बसून राहणारा माणूस दमतो, आणि त्याला दमलेलं बघून आजारी माणसाचं मन खात राहतं. तुमचं तेच चाललंय. त्यांना सांगा, तू माझ्या वाटचं बघून ये. दुपारी तुम्ही झोपाल तेव्हा ते तीन तास बाहेर. फोन चालू, खोलीची एक किल्ली त्यांच्याकडे, उशाशी पाणी. टॉपकापी राजवाडा मंगळवारी बंद असतो (तुमच्या उद्याच्या बेतात तो पहिला होता!), म्हणून तिथे त्यांनी बुधवारी जावं. उद्या ग्रँड बझार. एक काळजी मात्र घ्या: अशा आजारात जंतू हातांवरून पसरतात. संडासातून आल्यावर आणि जेवणाआधी दोघांनीही साबणाने हात धुवायचे, टॉवेल वेगळे ठेवायचे. सॅनिटायझरवर विसंबू नका, उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसवर तो नीट चालत नाही.

आता शहर.

उद्या, मंगळवारी, फक्त सुलतानअहमद चौक. ऊन चढण्याआधी निघा. अंथरुणातून उठताना आधी मिनिटभर कडेला बसा, मग उभ्या राहा. पिशवीत ओआरएसची बाटली, टोपी, सुटी नाणी. मशिदींच्या आवारात सार्वजनिक स्वच्छतागृहं असतात, तिथे बहुधा थोडे पैसे द्यावे लागतात. जागेवर पोचल्यावर पहिलं काम तेच शोधण्याचं, म्हणजे मन निर्धास्त होतं.

चौकाचा लांबट भाग म्हणजे जुनं हिप्पोड्रोम, रथांच्या शर्यतींचं मैदान. तिथे इजिप्तचा गुलाबी ग्रॅनाइटचा ओबेलिस्क, म्हणजे उंच चौकोनी खांब आहे. तो फेरो तिसरा थुतमोस याने कर्नाकच्या मंदिरासाठी घडवला आणि सम्राट थिओडोसियसने इसवी सन ३९० मध्ये इथे उभा केला. लोक फोटोसाठी वरच्या चित्रलिपीकडे बघतात. तुम्ही खालचा संगमरवरी चौथरा बघा, तो अगदी नजरेच्या उंचीवर येतो. त्यावर सम्राट आपल्या कक्षात उभा आहे, हातात विजेत्यासाठी माळ, भोवती दरबारी, त्याखाली प्रेक्षकांची डोकी दाटीवाटीने कोरलेली, आणि सर्वांत खाली वादक आणि नर्तकी. म्हणजे याच मैदानात भरणारी गर्दी या दगडावर उतरवली आहे. चौथऱ्यावर खांब किती दिवसांत उभारला तेही कोरलंय. लॅटिन लेखात ३० दिवस, ग्रीक लेखात ३२! इतकी वर्षं मुलांना साधनांची चिकित्सा शिकवलीत, तिचा इतका नेटका नमुना क्वचित मिळेल.

पलीकडे खड्ड्यात उभा असलेला हिरवट, पिळाचा काशाचा खांब हा सर्पस्तंभ. प्लाटियाच्या लढाईत पर्शियनांना हरवल्यावर, इसवी सन पूर्व ४७९ नंतर, ग्रीकांनी तो डेल्फीच्या देवस्थानाला अर्पण केला होता. तीन सापांची डोकी गेली, एकाचा वरचा जबडा तिथल्या पुराणवस्तू संग्रहालयात आहे. तो खड्ड्यात का, तर जमीन शतकानुशतकं भरत वर आली आणि खांब होता तिथेच राहिला. बाकावरून उठू नका, पण एवढ्या खोलीकडे दोन मिनिटं बघा. जुन्या शहराची पातळी त्यावरून समजते. याच मैदानात ५३२ मध्ये सम्राटाविरुद्धचं निका बंड उसळलं. त्यात आयासोफियाच्या जागेवरचं आधीचं चर्च जळालं आणि म्हणून सम्राट जस्टिनियनने आजचं आयासोफिया बांधलं. तेव्हा ते चर्च होतं, आज मशीद आहे.

बाक असा निवडा की एका हाताला आयासोफिया आणि दुसऱ्या हाताला सहा मिनारांची सुलतानअहमद मशीद येईल. अजानची वेळ असेल तर थांबा. एकीकडची ओळ संपली की दुसरीकडून उत्तर येतं. सुलतानअहमद मशिदीत जायची इच्छा झाली आणि पाय साथ देत असतील तर जा, आत तिकीट नाही, डोकं झाकायला ओढणी हवी. बूट काढायला वाकू नका, टेकायला जागा बघा आणि बसूनच काढा. नुकत्या बऱ्या झालेल्या माणसाला वाकून उठताना हमखास गरगरतं. आत गालिच्यावर टेकून वरच्या इझनिक टाइल्स, म्हणजे इझनिक गावच्या रंगीत नक्षीच्या फरश्या, बघता येतात. नमाजाच्या वेळी पर्यटकांना प्रवेश नसतो आणि शुक्रवारी दुपारच्या नमाजापर्यंत तर नाहीच, त्यामुळे शुक्रवारवर ती टाकू नका.

बुधवारी आयासोफिया, सकाळी उघडतानाच, म्हणजे रांग कमी असते. परदेशी पर्यटकांना जानेवारी २०२४ पासून २५ युरोचं तिकीट आहे आणि प्रवेश फक्त वरच्या सज्ज्यात. खालचा भाग नमाजासाठी राखीव. वर जायला चढण आहे, दगड झिजून गुळगुळीत झालेत. भिंतीच्या बाजूने, यजमानांच्या हाताला धरून, थांबत थांबत चढा. मंगळवारी चौकात जाऊन आल्यावर संध्याकाळी पायात गोळे आले, दम लागला, तर हा बेत गुरुवारवर ढकला आणि बुधवारी पडून राहा. त्याची हळहळ करू नका.

वर गेल्यावर सगळं बघत फिरू नका. मी तुमच्या जागी असते तर तीनच गोष्टींपाशी थांबले असते. पहिला घुमट. ५३७ मध्ये पूर्ण झाला, ५५८ मध्ये भूकंपांनी खिळखिळा होऊन कोसळला आणि ५६२ मध्ये अधिक उंच, अधिक उभा करून पुन्हा बांधला. पायथ्याशी ४० खिडक्यांचं कडं आहे, सकाळचं ऊन त्यातून येतं. दुसरी, दक्षिण सज्ज्यातली दीसिस मोझेइक, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेलं भित्तिचित्र. खालचा बराच भाग गेलाय, पण ख्रिस्त, मेरी आणि जॉन यांचे चेहरे टिकलेत. मेरीच्या गालावरची छटा बारीक-बारीक तुकड्यांनी कशी साधलीय ते जवळून बघा. तिसरी, तिथल्याच संगमरवरी कठड्यावर कुणा व्हायकिंग शिपायाने कोरलेली रुनिक, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीतली, अक्षरं. बरीचशी पुसलीत, 'हाल्फदान' हे नाव तेवढं लागतं. सम्राटाच्या पहाऱ्याला उत्तरेतून आलेला कुणी प्रार्थना चालू असताना कंटाळून नाव कोरत बसला असावा, असं मला वाटतं. मग कठड्याला टेकून खालच्या त्या दालनाकडे बघा. २९ मे १४५३ ला २१ वर्षांचा ऑटोमन सुलतान दुसरा मेहमद शहर जिंकून इथेच आला होता. तुमच्या फळ्यावरचं ते साल.

भूमिगत टाकं, येरेबातान, यावेळी सोडून द्या. ३३६ खांबांचं ते अद्भुत काम आहे यात शंका नाही, पण पन्नासेक पायऱ्या उतरून पुन्हा चढायच्या, आत अंधूक उजेड, पायाखाली ओल. अंधारी येणाऱ्या माणसाची ती जागा नव्हे. हमाम, म्हणजे तुर्की गरम स्नानगृह, तर मुळीच नको. तिथली उष्णता अंगातलं उरलंसुरलं पाणी काढून घेईल. टॉपकापी यजमानांनी बघून सांगावा, त्याची चार अंगणं चालणं आत्ता तुमच्या आवाक्यातलं नाही. त्याच राजवाड्याच्या कुशीत गुलहाने बाग आहे, मोठाले चिनार, बाक, तिकीट नाही. ते आत, तुम्ही सावलीत, असं एखाद्या दुपारी जमेल.

गुरुवारी बोट. या चार दिवसांतलं सर्वांत चांगलं मी शेवटी ठेवलंय. सुलतानअहमदहून टी-१ ट्रामने एमिनोनूला उतरा. इस्तंबूलकार्ड एक असलं तरी दोघांना चालतं, दोनदा टेकवायचं. काडिकॉयला जाणारी प्रवासी बोट घ्या, तिथले लोक तिला 'वापूर' म्हणतात. पर्यटकांची नव्हे, ऑफिसला जाणाऱ्यांची. विसेक मिनिटांचा प्रवास, बसायला बाक, आत स्वच्छतागृह. जाताना उजव्या बाजूला बसा. बोट गोल्डन हॉर्न खाडीतून बाहेर पडली की टॉपकापीचा मनोरा, मग आयासोफियाचा घुमट, मग सहा मिनार एका ओळीत सरकत जातात. सगळं भूशिर एकाच नजरेत येतं. हे शहर जिंकणं इतकं अवघड का होतं, ते पाण्यावरूनच समजतं. तिन्ही बाजूंनी पाणी, चौथीला तट. बोट निघण्याआधी मागे टेकडीकडे बघितलंत तर ऑटोमन वास्तुविशारद सिनानने १५५० ते १५५७ मध्ये बांधलेली सुलेमानिये मशीदही दिसेल, चढ न चढता. काडिकॉयला उतरा, धक्क्यावर टेका, पुढच्या बोटीने परत या. वाऱ्यासाठी शाल ठेवा.

खाण्याचं थोडक्यात: पिलाव, पाव, उकडलेला बटाटा, केळं, मसुराचं सूप. सूप मांसाच्या पाण्यात केलंय का, हे हवं तर विचारून घ्या. आयरान, म्हणजे दही, पाणी, मीठ, सीलबंद डब्यातलं थोडं-थोडं घ्यायला हरकत नाही. दूध, खीर, आइस्क्रीम मात्र आठवडाभर नको, कारण आजारानंतर आतड्याला दुधातली साखर काही दिवस पचत नाही. रस्त्यावरचे भरलेले शिंपले, कच्ची कोशिंबीर, बर्फ टाळा. चहा फिका चालेल, तुर्की कॉफी राहू द्या.

शुक्रवारी काही ठरवू नका. सामान भरा, दुपारी झोपा. विमानात कडेची जागा आजच मागून घ्या, संडासाला जायला बरं पडतं. सुरक्षा तपासणीत कालवलेलं ओआरएस अडवतील, म्हणून हातातल्या पिशवीत कोरी पाकिटं ठेवा आणि पलीकडे गेल्यावर बाटलीत कालवा. घरी पोचल्यावर आठवड्याभरात पोट ठिकाणावर आलं नाही, किंवा ताप आला, तर डॉक्टरांकडे जाऊन नुकत्या परदेशातून आल्याचं पहिल्या वाक्यात सांगा.